कवडू मेश्राम, वाहक

कवडूभाऊ मेश्राम तेहेतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यातली वीस-बावीस नागपूर-काटोल गाडीवर. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण स्वभाव काही रिटायर झाला नाही. तिकीट न काढलेला माणूस त्यांना नुसत्या चेहऱ्यावरून कळायचा, असं लोक सांगतात. खरं-खोटं त्यांनाच माहीत. पण बिनतिकिटाच्या बातमीला ते अजूनही गाडीतून उतरवून देतात, हे मात्र अख्ख्या वस्तीनं डोळ्यांनी पाहिलं आहे.

उत्तर नागपुरातल्या त्यांच्या वस्तीत बुद्धविहाराला लागून छोटं वाचनालय आहे. बाहेरच्या भिंतीवर काळा फळा. रोज सकाळी आठला कवडूभाऊ तिथे येतात, चार पेपर उलटेपालटे करून वाचतात आणि तब्येतीची एकच बातमी निवडून खडूनं फळ्यावर लिहितात. मग सुरू होते चर्चा. भाजीची पिशवी घेतलेले, अंघोळ राहिलेले, नातवाला शाळेत सोडून आलेले, सगळे तिथे थांबतात आणि जगातल्या डॉक्टरांना शहाणपण शिकवतात.

रिटायर मास्तर भैय्याजी रोज मोबाइलवर काहीतरी घेऊन येतात. एकदा आले ते उड्या मारतच. "कवडूभाऊ, लिवा! कारल्याच्या रसानं शुगर मुळासकट जाते. संशोधन झालं!"

"कोणी केलं?"

"शास्त्रज्ञांनी."

"नाव? गाव? किती लोकांवर तपासलं?"

भैय्याजींनी चष्मा वर करून मोबाइल खाली-वर केला. "उंदरांवर लिवलं आहे इथं."

"मग उंदरायच्या मोहल्ल्यात नेऊन सांगा न बाप्पा. इथं माणसं राह्यतात."

असे हे कवडूभाऊ. तोंड फटकळ, पण शब्द पक्का. कोरोनाच्या दिवसांत अर्धी वस्ती काय काय उकळून पीत होती, तेव्हा या माणसानं फळ्यावर लिहिलेलं तेवढं लोकांनी मानलं. कवडूभाऊंनी लिहिलं म्हणजे तपासूनच लिहिलं असणार, एवढी त्यांची पत होती.

त्यांचा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय म्हणजे सिकलसेल. आपल्याकडे घराघरांत असलेला, पण नाव घेतलं की लोक दार लावून घेतात असा रक्ताचा आजार. महिन्यातून एकदा तरी तो फळ्यावर यायचाच. आई आणि बाप दोघांच्याही रक्तात त्याचा अंश असला, तर प्रत्येक लेकराला खरा आजार व्हायची शक्यता चारात एक. नुसता अंश असलेल्या माणसाला काही होत नाही. तो धडधाकट असतो, कामधंदा करतो, म्हातारा होतो. अशा माणसाला सरकारी कागदावर म्हणतात 'वाहक'.

आणि या शब्दानंच पहिल्यांदा घोळ घातला. सात-आठ वर्षांपूर्वी कवडूभाऊंनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न करण्याआधी नीट विचार करावा.' दुपारच्या आत भागीरथाबाई पदर खोचून हजर. त्यांची पोरगी एसटीत कंडक्टर, आणि जमलेलं लग्नही डेपोतल्याच कंडक्टरशी. एसटीच्या बिल्ल्यावर काय लिहिलेलं असतं? वाहक!

"काहून गा कवडूभाऊ? तुमी सोता जनमभर घंटी वाजवली, अन् माह्या पोरीचं लगन मोडून राह्यले?"

लोक हसून हसून लोळले. मग कवडूभाऊंनी तासभर उभं राहून समजावलं, की हा वाहक वेगळा आणि तो वेगळा. गाडीतला वाहक प्रवासी वाहतो, रक्तातला वाहक आजार वाहतो, आणि स्वतः मात्र आजारी नसतो. "मीच घ्या न," ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी दोन्ही आहो." त्या दिवसापासून वस्तीत हा शब्द कुणाला पुन्हा समजावावा लागला नाही.

हसत हसत बोलले खरे, पण त्यामागचं सगळेच जाणून होते. कवडूभाऊंची बायकोही वाहक होती. दोघांना माहीत नव्हतं. त्या काळी कोण तपासत होतं? थोरला धम्मानंद वाचला, त्याच्यात नुसता अंश आला. धाकट्या मिलिंदला मात्र पुरता आजार निघाला. हातपाय दुखले की ते पोरगं चादर तोंडात कोंबून रडायचं. कुणी म्हणालं संधिवात, कुणी म्हणालं बाहेरची बाधा. तो नवव्या वर्षी गेला, आणि आजाराचं नाव कवडूभाऊंना कळलं त्यानंतर सहा वर्षांनी, सरकारी शिबिरात. हा सगळा खटाटोप त्या सहा वर्षांच्या रागातून आलेला आहे.

तर असा हा माणूस. आणि याच माणसानं घरच्या वेळेला काय केलं, ते ऐका.

पायल ही धम्मानंदची पोरगी, म्हणजे कवडूभाऊंची नात. चोवीस वर्षांची, रामदासपेठेत एका डॉक्टरांकडे रिसेप्शनवर. कॉलेजच्या शिबिरात तिची तपासणी झाली, तेव्हा तीही वाहक निघाली. तिनं ते कधी लपवलं नाही. दोन स्थळं आली. दोन्ही वेळा आधीच सांगितलं, आणि दोन्ही घरची माणसं 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच. तपासायचं तर मुलालाही तपासायचं असतं, एवढं ऐकून घ्यायलाही कुणी थांबलं नाही. दुसऱ्या वेळी तर पायलच्या आईला, जयाला, मुलाची आत्या जिन्यात म्हणाली, "पोरगी गोड आहे वं, पण रोगाचं घर आहे." कवडूभाऊ वरच्या पायरीवर उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

तिसरं स्थळ काटोलचं. मुलगा हर्षित शाळेत शिक्षक, वडील चंपतराव संत्र्याचे व्यापारी. मुलगा-मुलगी आधीच दोनदा सीताबर्डीला भेटून कॉफी पिऊन आलेले, एकमेकांना आवडलेले. रक्ताचं बोलणं मात्र मोठ्यांसमोर, रीतसर करायचं, असं पायलनं ठरवलं होतं. पाहुणे यायच्या सकाळी तिनं आजोबांना गाठलं.

"आबाजी, आज सांगून टाकाल न? का मी सांगू?"

"तू काहून? मी बोलतो. माह्यापेक्षा चांगलं कोण समजावून सांगीन?"

आणि ते खरंही होतं.

पाहुणे आले. धम्मानंद त्यांच्या गाडीसाठी जागा शोधायला चौकापर्यंत गेला, पायल आणि जया आत पोहे करत होत्या. चंपतराव मोठा मोकळा माणूस. जयभीम म्हणून बसले, पाणी प्यायले, घर पाहिलं, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर पाहून हात जोडले. म्हणाले, "माणसं चांगली आहेत, मले दिसूनच राह्यलं. एकच विचारतो, राग नका मानू. आजकाल ते सिकलसेल का काय म्हणतात. तुमच्या घरात तसं काही?"

कवडूभाऊंनी घसा साफ केला. "मी वाहक आहो," ते म्हणाले.

चंपतरावांनी मांडीवर थाप मारली. "आता हे सांगाले लागते का! अहो, कॉलेजात असताना तुमच्याच गाडीनं येत होतो मी. सुट्या पैशासाठी किती भांडले तुम्ही माह्याशी!"

आणि ते खो खो हसले. हर्षित हसला, बरोबरचे दोघं हसले. कवडूभाऊंच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. 'तो नाही, रक्ताचा.' तीन शब्द. जिन्यातल्या त्या बाईचा आवाज त्यांच्या कानात होता. त्यांनी ओठ उघडले, आणि तेही हसले.

पोहे आले, चहा आला, होकारही आला. पाहुण्यांना सोडून वर येताच पायलनं विचारलं, "सांगितलं?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"हसले."

पोरीचा चेहरा असा फुलला की काय सांगावं! माहीत असून हसण्यावारी नेणारी माणसं भेटली, म्हणून ती आईच्या गळ्यात पडली. हर्षितशी त्या विषयावर बोलायची तिला गरजच वाटली नाही. घरी माहीत आहे म्हटल्यावर काय उरलं? आणि कवडूभाऊ? शब्दशः पाहिलं तर म्हातारा एक अक्षर खोटं बोलला नव्हता. तेहेतीस वर्षं दुसऱ्यांची चलाखी पकडणाऱ्याची चलाखी अशीच असणार, दुसऱ्या कुणाला सुचलीही नसती.

पुढचे दहा दिवस माणूस जेवणात नव्हता आणि झोपेतही नव्हता. साखरपुड्याची तारीख ठरली. अशात एका सकाळी पेपरात बातमी झळकली: सिकलसेलवर नवा जनुकीय उपचार, आजार मुळापासून बरा होण्याची आशा. कवडूभाऊंनी ती तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना त्यांना वाटलं, चला, सुटलो. पायलचं लगीन होणार, लेकरू व्हायला दोन-तीन वर्षं जाणार, तोवर औषध येतंच की! मग सांगितलं काय आणि नाही सांगितलं काय?

फळ्यावर त्यांनी लिहिलं, 'सिकलसेल आता बरा होतो.'

एवढंच. कुठे तपासलं नाही, किती जणांवर तपासलं नाही. भैय्याजींनी दोनदा वाचून पाहिलं आणि म्हणाले, "का गा कवडूभाऊ, उंदरं की माणसं?"

"माणसंच आहेत."

"किती?"

"लिवलं आहे पेपरात. सगळं इथं मांडू का?" कवडूभाऊ खेकसले. भैय्याजी चूप झाले, पण बाकीचे कुठे चूप बसणार! कुणी म्हणालं, आता लग्नाआधी तपासायची कटकट गेली. कुणी म्हणालं, आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजात कधी येईल? कुणी म्हणालं, रक्तच बदलून टाकत असतील. जो तो खुशीत होता.

गर्दी पांगल्यावर इंदुताई आल्या. धुणीभांडी करून घर चालवणारी बाई. बारा वर्षांची नात खुशी त्यांच्याकडेच असते, आणि खुशीला पुरता आजार आहे. रोजच्या गोळीनं गेल्या वर्षभरात पोरगी फक्त एकदा दवाखान्यात भरती झाली. इंदुताईंच्या हातात त्याच गोळ्यांची पट्टी होती.

"भाऊ, आता हे बंद करू न? लेकरू कंटाळलं बाप्पा रोज रोज. शाळेत जाता जाता फळा वाचून पळत घरी आली. म्हणे, आजी, बरा होते म्हणून लिवलं आहे आबाजींनी."

"नाही वं बाई! बंद काहून? एकही दिवस चुकवजो नको!"

"मग बरा होते म्हणता?"

"ते... बाहेरच्या देशात आहे. थोड्याच लोकांवर केलं आहे अजून. मोठी खटपट असते त्यात, महिनोन् महिने दवाखान्यात ठेवतात. आपल्याकडे खुशीपर्यंत यायले किती वर्षं लागतील, कोणी सांगू शकत नाही."

"म्हणजे येईपर्यंत नाही समजायचं."

"हाव. येईपर्यंत नाहीच समजायचं."

इंदुताईंनी पट्टी पदरात बांधली. जाता जाता वळून म्हणाल्या, "बरं झालं विचारलं. तुमी लिवलं म्हणून मी आज सकाळची दिलीच नव्हती."

बाई गेली. कवडूभाऊ तिथेच पायरीवर बसले. इंदुताईंच्या खुशीला अजून ते नवं औषध नाही, आणि आपल्या पायलच्या लेकराला मात्र आहे? हे कोणतं गणित? आपली भीती झाकायला आपण फळ्यावर अर्धी बातमी लिहिली, आणि त्या पोरीची सकाळची गोळी चुकली. स्वतःची इतकी शरम त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. त्यांनी उठून ओल्या फडक्यानं फळा पुसला, खाली स्वतःच्या नावानिशी चूक कबूल केली, बातमी पुरी लिहिली, आणि तडक घरी गेले.

पायल कामावर निघायच्या घाईत होती. त्यांनी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. चंपतरावांची मांडीवरची थाप, हसणं, गिळलेले तीन शब्द, सगळं.

पायलनं खांद्यावरची पर्स काढून मांडीवर ठेवली. जया स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

"पण लपवलं काय तुमी?" पायल म्हणाली.

"अं?"

"वाहक आजारी नसते, त्याच्यात शरमेसारखं काही नसते. सगळ्या वस्तीले शिकवलं तुमी. मग माह्यात असं काय होतं, लपवाले?"

कवडूभाऊंनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला, तिनं तो बाजूला सारला.

"त्या जिन्यातल्या बाईनं म्हटलं तवा मी रडली नाही, आबाजी. म्हटलं, तिले समजत नाही. तुमाले तं समजते न?" आणि आता मात्र ती रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं काटोलला गेले. बसमध्ये पायल खिडकीशी बसली आणि एक शब्द बोलली नाही. कवडूभाऊंना वाटत होतं, हिनं भांडावं, काहीही बोलावं, पण अशी चूप बसू नये.

बाजारात संत्र्यांचे ढीग लागले होते, चंपतराव व्यवहारात गुंतलेले. यांना पाहून ते हात पुसत, हसत पुढे आले. घरी नेलं, हर्षितलाही शाळेतून बोलावून घेतलं. चहा येईपर्यंतही कवडूभाऊ थांबले नाहीत.

"चंपतराव, त्या दिवशी मी म्हटलं वाहक, ते गाडीचं नव्हतं. रक्ताचं होतं. तुम्ही हसले, अन् मी हसू देलं. पायलही वाहक आहे. तिले वाटत होतं, मी तुमाले सांगितलं. तिची काही चूक नाही." मग त्यांनी मिलिंदचं सांगितलं. चादरीचं सांगितलं. परक्या घरी, परक्या माणसांसमोर, ते कधीच बोलले नव्हते तेवढं बोलले. "पोराची तपासणी करा. तो वाहक नसला तर काहीच भीती नाही. असला, तर दोघांनी मिळून ठरवावं. पण डोळे उघडे ठेवून."

चंपतरावांचा चेहरा लाल झाला. "मले राग तिच्या रक्ताचा नाही आला, मेश्राम साहेब. मी काही इतका अडाणी नाही. पण तुमी मले माह्याच घरच्यासमोर येडं बनवलं." त्यात खोटं काही नव्हतं. कवडूभाऊ मान खाली घालून बसले. हर्षित मात्र पायलकडे पाहत म्हणाला, "मी आजच रक्त देतो."

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. हर्षितही वाहक होता.

लग्न मोडलं, असं एका वाक्यात सांगता येत नाही. दोघं आधी पायलच्याच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी नीट समजावलं: दिवस गेल्यावर सुरुवातीलाच गर्भाची तपासणी होऊ शकते, मार्ग आहेत, लग्न करूच नका असं कुणी म्हणत नाही. हर्षितची तयारी होती. म्हणाला, लेकरूच नको असलं तरी मला चालेल. पायलनं आठ दिवस घेतले. घरात कुणी तिला काही विचारलं नाही, आणि कवडूभाऊंची तर तशी हिंमतही नव्हती. नवव्या दिवशी तिनं हर्षितला सीताबर्डीला बोलावलं आणि स्वतः 'नाही' सांगून आली. दर वेळी रिपोर्टची वाट पाहत आई होणं तिच्यानं जमणार नव्हतं, आणि त्याला कायमचं बिनलेकराचं ठेवणंही जमणार नव्हतं.

त्या संध्याकाळी चंपतराव एकटेच घरी आले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "तुमी आले नसते, तं साखरपुडा काल झाला असता." कवडूभाऊंचे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले, जयभीम केला आणि गेले.

चंपतराव गेल्यावर पायल बाहेर आली. डोळे सुजलेले. आजोबांच्या शेजारी बसली, पण थोडं अंतर राखूनच.

"वेळेवर बोलले आबाजी तुमी," ती म्हणाली.

"वेळेवर त्याच दिवशी होतं, बेटा. तीन शब्द होते."

"हाव," पायल म्हणाली. "त्या दिवशी मले तो एवढा आवडत नव्हता."